परळची प्रयोगशाळा : कर्करोगाच्या अभ्यासाची एक परंपरा

अंबड हें आमचें गांव नाशिक शहराला आतां इतकें लागून गेलें आहे कीं, गांव कोठें संपलें आणि शहर कोठें सुरू झालें हें जुन्या माणसालाहि चटकन सांगतां येत नाहीं. एके काळीं जेथें शेतें होतीं तेथें कारखान्यांच्या ओळी उभ्या राहिल्या, पाळी बदलण्याच्या वेळीं रस्ते माणसांनीं भरून जाऊं लागले, आणि या कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या कुटुंबांतील मुलें महाविद्यालयांतून पदव्या घेऊन बाहेर पडूं लागलीं. अशाच एका कुटुंबाचे कर्ते गृहस्थ, जे आमचे कित्येक वर्षांचे शेजारी आहेत, गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं आमच्याकडे आले. त्यांच्या मुलीनें जीवशास्त्रांत एम्. एस्सी. ची परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण केली असून, तिला नवी मुंबईंत खारघर येथें कर्करोगाच्या जीवशास्त्रांत पीएच्. डी. करण्यासाठीं जावयाचें होतें.

“नाना,” ते म्हणाले, “तुम्हीच तिला कांहीं सांगा. पांच-सहा वर्षें उंदीर सांभाळायचे आणि कांचेच्या बशींत पेशी वाढवायच्या, यानें कोणाचा रोग बरा होणार आहे ? आमची आई मिश्री लावतां लावतां तोंडाच्या कर्करोगानें गेली. तिला कोणाचें संशोधन उपयोगी पडलें ?” मुलगी दाराशीं उभी होती. ती एवढेंच म्हणाली, “काका, आजी तशी गेली म्हणूनच मला जायचें आहे.”

दोघांचेंहि म्हणणें आम्हांस खोटें वाटलें नाहीं. बापाच्या प्रश्नांत कंजूषपणा नव्हता. एका दुःखाचा अनुभव होता. अशा प्रश्नाला उपदेशानें उत्तर देणें म्हणजे तें टाळणेंच होय. म्हणून, आपल्या महाराष्ट्रांत कर्करोगाचें संशोधन कोणीं, कसें व कशासाठीं आरंभिलें, आणि तें शिकविण्याची परंपरा एका पिढीकडून दुसरीकडे कशी गेली, याचा वृत्तांत आम्ही त्यांस सांगितला. तोच येथें थोड्या विस्तारानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या वृत्तांताचा आरंभ एका मृत्यूपासूनच होतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. घरांत संपत्तीला तोटा नव्हता, परदेशांतील उत्तम वैद्यकीय साहाय्य मिळण्यासारखें होतें. परंतु त्या काळीं या रोगावर कोणापाशींच इलाज नव्हता. पुढच्याच वर्षीं दोराबजीहि निवर्तले. तत्पूर्वीं त्यांनीं पत्नीच्या स्मरणार्थ रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठीं एक निधि स्थापन केला होता, आणि आपली मालमत्ता लोकोपयोगी विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली होती. त्या विश्वस्तांनीं मुंबईंत परळ येथें कर्करोगासाठीं स्वतंत्र रुग्णालय बांधलें. ता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्तें तें उघडण्यांत आलें. युद्धाचा काळ, कर्करोग हा शब्दहि घरांत मोठ्यानें उच्चारावयाचा नाहीं अशी लोकांची समजूत, आणि रोगी येत तो बहुधा वेळ निघून गेल्यावर. अशा परिस्थितींत केवळ शस्त्रक्रिया व किरणोपचार यांची सोय करून विश्वस्त थांबले असते तरी त्यांस कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु त्यांनीं रुग्णालयाला प्रारंभापासूनच प्रयोगशाळेची जोड दिली, आणि तिचे प्रमुख म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची नेमणूक केली. या लेखाच्या विषयाचें बीज त्या नेमणुकींत आहे.

खानोलकर यांचा जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रांतील एम्. डी. ही पदवी त्यांनीं १९२३ सालीं मिळविली, आणि स्वदेशीं परतून मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचें अध्यापन केलें. विकृतिशास्त्रज्ञ म्हटला म्हणजे शरीरांतून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून रोगाचें नांव सांगणारा मनुष्य, एवढीच सामान्य कल्पना असते. खानोलकरांपुढें परळास रोज असे तुकडे येत. त्यांचीं नांवें लिहून देण्यांतच दिवस संपण्यासारखा होता. परंतु त्यांनीं त्या तुकड्यांमागील माणसांकडे पाहिलें. हा मनुष्य कोणत्या प्रांतांतला ? काय खातो ? वस्त्र कसें नेसतो ? तंबाखू ओढतो, कीं चघळतो, कीं ओठांत धरतो ? मुंबई हें अठरापगड लोकांचें शहर असल्यामुळें या प्रश्नांस जीं उत्तरें मिळालीं तीं लंडनांत किंवा न्यूयॉर्कांत बसून कोणालाहि मिळालीं नसतीं.

तोंडाच्या कर्करोगाचे एकापाठोपाठ आलेले १,००० रोगी तपासून त्यांनीं १९४४ सालीं आपला निबंध अमेरिकेंतील एका प्रमुख नियतकालिकांत प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं त्यांनीं व बी. सूर्याबाई यांनीं मिळून लोकांच्या चालीरीतींशीं संबद्ध असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार जगापुढें मांडले. एक धोतर नेसणारांच्या कमरेवरचा : धोतर वर्षानुवर्षें एकाच ठिकाणीं घट्ट आवळल्यानें तेथील कातडी काळवंडते, जाड होते, आणि क्वचित् तेथेंच रोग मूळ धरतो. दुसरा आंध्र किनाऱ्याकडील चुट्टा ओढणारांचा : तेथें कांहीं लोक, विशेषतः स्त्रिया, विडीचें जळतें टोंक तोंडाच्या आंत धरून ओढतात, व रोग टाळूला होतो. तिसरा बिहाराकडील खैनी खाणारांचा : तंबाखू व चुना यांची गोळी खालच्या ओठाच्या खांचेंत धरण्याची चाल आहे, आणि रोग नेमका त्याच ठिकाणीं उद्भवतो. तीन प्रांत, तीन चाली आणि रोगाच्या तीन जागा. प्रत्येक ठिकाणीं जेथें घर्षण, धग किंवा तंबाखूचा रस, तेथेंच कर्करोग. हा रोग दैवाचा किंवा पूर्वकर्माचा नसून त्याला शोधतां येण्यासारखीं कारणें आहेत, आणि त्यांतील पुष्कळशीं आपल्या हातचीं आहेत, ही गोष्ट आमच्या देशांत यापेक्षां स्पष्टपणें क्वचितच कोणीं दाखविली असेल.

पुढें १९५५ सालीं ल. धीं. संघवी, राव व खानोलकर यांनीं विडी-सिगारेट ओढणें व तंबाखू चघळणें यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशीं असलेला संबंध रोगी व निरोगी माणसांची तुलना करून तपासला, आणि तो निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें छापला गेला. याच नियतकालिकांत पांच वर्षांपूर्वीं डॉल व हिल यांनीं इंग्लंडांतील सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला होता. प्रश्न विचारण्याची रीत एकच. फरक इतकाच कीं, तिकडे सिगारेट होती आणि इकडे पानतंबाखू व विडी. शास्त्र सर्व जगाचें असतें, परंतु त्याचा प्रश्न त्या त्या गांवचा असावा लागतो. परळच्या प्रयोगशाळेनें प्रथम शिकविलें तें हें.

आतां, प्रयोगशाळा असणें आणि तिच्यांत शिष्य तयार होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १८५७ सालीं स्थापन झालेलें मुंबई विद्यापीठ प्रारंभीं मुख्यतः परीक्षा घेणारें विद्यापीठ होतें. पदवी हा शिक्षणाचा शेवट, त्यानंतर नोकरी, हाच आमच्या मध्यम वर्गाचा राजमार्ग. ज्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत नाहीं, गुरूलाहि ठाऊक नाहीं, तो प्रश्न घेऊन विद्यार्थ्यानें कांहीं वर्षें घालवावीं व त्या कामावर विद्यापीठानें त्याला पदवी द्यावी, ही कल्पना आमच्याकडे हळूहळूच रुजली. कर्करोगाच्या अभ्यासांत ती ज्यांच्यामुळें रुजली, त्यांत कमल रणदिवे यांचें नांव अग्रभागीं येतें.

पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म पुण्यास ता. ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत, आणि आपल्या मुलामुलींस सारखेंच शिक्षण मिळालें पाहिजे या मताचे होते. कमलताई हुजूरपागेंत शिकल्या, फर्ग्युसनमध्यें वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन पदवीधर झाल्या. मुलीनें डॉक्टर व्हावें आणि डॉक्टराशींच लग्न करावें, अशी वडिलांची इच्छा होती. कन्येनें दोन्ही गोष्टी केल्या नाहींत. १९३९ सालीं जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशीं त्यांचा विवाह झाला, आणि १९४३ सालीं पुण्याच्या कृषि महाविद्यालयांतून त्या एम्. एस्सी. झाल्या. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांचा. सीताफळापासून कर्करोगापर्यंतची ही उडी वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु तींत विसंगति नाहीं. कर्करोग म्हणजे शेवटीं काय, तर पेशींच्या विभागणीचा नियम सुटणें. ज्या दृष्टीनें वनस्पतीच्या पेशींतील गुणसूत्रें मोजतां येतात, तीच दृष्टि गांठींतील बिघडलेल्या पेशी पाहण्यास लागते. नजर तयार व्हावी लागते; ती कोणत्या झाडावर तयार झाली याला फारसें महत्त्व नाहीं.

विवाहानंतर मुंबईस आलेल्या कमलताई टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागल्या, आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं प्रबंध लिहून १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पीएच्. डी. झाल्या. त्यांच्या कामाचा विषय उंदरांतील स्तनाचा कर्करोग हा होता. येथें आमच्या शेजाऱ्यांच्या उंदरांविषयींच्या प्रश्नाला उत्तर देणें प्राप्त आहे.

माणसाच्या रोगाचा विचार करतांना अडचण ही येते कीं, कोणतींहि दोन माणसें सारखीं नसतात. एका स्त्रीला रोग झाला व दुसरीला झाला नाहीं, तर तें रक्तामुळें, आहारामुळें, बाळंतपणांमुळें, कीं आणखी कशामुळें, हें वेगळें काढतां येत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ उंदरांचीं कुलें तयार करतात. सख्ख्या भावंडांचा संयोग निदान वीस पिढ्या चालू ठेविला, म्हणजे त्या कुलांतील सर्व उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे एकरूप होतात. मग एखाद्या कुलांत बहुतेक माद्यांस स्तनाच्या गांठी होतात, दुसऱ्यांत क्वचितच होतात. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून परिणाम पाहतां येतो. अशाच रीतीनें अमेरिकेंत बिट्नर यानें १९३६ सालीं दाखविलें कीं, रोगप्रवण कुलांतील पिलें जन्मतःच आईपासून काढून निरोगी कुलांतील दाईच्या अंगावर पाजलीं, तर त्यांतील रोगाचें प्रमाण पुष्कळच कमी होतें. म्हणजे केवळ आनुवंशिकता नव्हे, तर दुधांतून जाणारें असें कांहीं तरी त्या रोगाला कारण होतें. पुढें तें एक विषाणु असल्याचें ठरलें. आनुवंशिक प्रवृत्ति, शरीरांतील हार्मोन आणि विषाणु हीं तीन सूत्रें एकमेकांत कशीं गुंतलेलीं असतात, हाच कमलताईंच्या पुढील कित्येक वर्षांच्या कामाचा विषय होता. उंदराचा तो विषाणु माणसाला रोग देतो असें यावरून सिद्ध झालें नाहीं, आणि तसें कोणीं म्हणूंहि नये. परंतु एका रोगाला अनेक कारणांची साखळी असूं शकते, व ती कडी कडीनें तपासतां येते, ही पद्धति उंदरांनींच शिकविली.

पीएच्. डी. झाल्यावर खानोलकरांनीं आपल्या या शिष्येला बाहेर जाण्यास उत्तेजन दिलें. गुरूला आपल्यापाशीं असलेलें सर्व देऊन झाल्यावर, जें आपल्यापाशीं नाहीं तें आणण्यासाठीं शिष्याला दुसऱ्या गुरूकडे पाठविणें, हें मोठेपणाचें लक्षण आहे. कमलताईंस शिष्यवृत्ति मिळाली, आणि त्या बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत ऊतिसंवर्धन शिकण्यास गेल्या. शरीराबाहेर, कांचेच्या नळींत, पोषक द्रवांत पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची ही विद्या. तींतील मोठी अडचण अशी कीं, माणसाच्या पेशी थोडेच दिवस टिकून मरत. नळ्या फिरत्या चक्रांत बसवून सावकाश फिरवीत ठेवण्याची युक्ति गाय यांनींच प्रचारांत आणली होती. त्यांच्याच प्रयोगशाळेंत १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी अखंड वाढत राहिल्या. त्या पेशी आजहि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. परंतु त्या घेतांना त्या बाईस कोणीं विचारलें नव्हतें. ती त्याच वर्षीं, वयाच्या ३१ व्या वर्षीं, वारली, आणि तिच्या कुटुंबाला ही हकीकत पुढें वीसएक वर्षांनीं कळली. संशोधनाच्या इतिहासांतील ही लाजिरवाणी बाजू झाकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्याच्या शरीराचा तुकडा आपण पाहतों तो मनुष्य आहे, त्याची संमति हवी, हा धडा आतां प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षींच दिला जातो. तो फार महाग पडलेला धडा आहे.

कमलताई बाल्टिमोरलाच राहत्या तर त्यांस कोणी दोष दिला नसता. त्या परत आल्या. इकडे १९५२ सालीं भारत सरकारच्या आरोग्य खात्यानें परळासच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केलें होतें व खानोलकर त्याचे संचालक झाले होते. तेथें कमलताईंनीं प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. या प्रकारची भारतांतील ती पहिली प्रयोगशाळा मानली जाते. ज्या विद्येला निर्जंतुक हवा, स्थिर तापमान आणि शुद्ध रसायनें लागतात, ती त्या काळच्या मुंबईंत, तेथील दमट हवेंत चालती करणें म्हणजे काय, याची कल्पना ज्यानें घरीं दही विरजण्याचा पावसाळी अनुभव घेतला असेल त्याला थोडीफार येईल. बुरशीचा एक कण पडला कीं महिन्यांचें काम वायां. विद्यार्थ्याचें खरें शिक्षण अशा वायां गेलेल्या महिन्यांतच होतें. पुन्हां आरंभ करण्याची संवय लावणारी दुसरी शाळा नाहीं. परदेशीं गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांस परत येऊन येथें काम करण्याविषयीं कमलताई सतत सांगत. आणि स्वतः परत आलेल्या असल्यामुळें त्यांच्या शब्दाला वजन होतें. १९६६ पासून १९७० पर्यंत त्या संस्थेच्या प्रभारी संचालिका होत्या. कर्करोगाची उत्पत्ति, पेशींचें जीवशास्त्र व शरीराची प्रतिकारशक्ति या विषयांचे स्वतंत्र विभाग त्यांच्या हातून उभे राहिले. १९८२ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण देऊन गौरविलें. खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले होते. प्रयोगशाळेंतून उठून विद्यापीठाच्या मुख्य आसनावर बसलेला मनुष्य संशोधनाला परीक्षेइतकेंच महत्त्व देणार हें उघड होतें.

या परंपरेचीं पुढील फळें सांगतांना आम्ही मुद्दाम आमच्या जिल्ह्याकडे व त्याच्या शेजाराकडे वळतों. सिन्नर व संगमनेर हीं गांवें विड्यांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध. तेथें कित्येक घरांतील बायांनीं तेंदूच्या पानांत तंबाखू भरून विड्या वळण्यांत जन्म घालविला. त्यांतील अनेकींनीं विडी कधीं ओढली नाहीं. तंबाखूची धूळ मात्र रोज श्वासांतून व हातांतून शरीरांत गेली. अशा मजुरांच्या शरीरावर काय परिणाम होतो, हा प्रश्न परळच्याच संस्थेंतील डॉ. रजनी भिसे व त्यांचे सहकारी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत हातीं घेतला. विडीउद्योगांत तंबाखू हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्तपेशी तपासतां, त्यांतील गुणसूत्रांची मोडतोड इतर माणसांपेक्षां अधिक असल्याचें त्यांस आढळलें. सीताफळाच्या गुणसूत्रांपासून निघालेली वाट विडी वळणाऱ्या बाईच्या रक्तापर्यंत येऊन पोंचली ती अशी. आणि मिश्री ? भाजून काळी केलेली तंबाखूची पूड दांतांस लावण्याची ही आमच्याकडील स्त्रियांची जुनी चाल. ती औषधी आहे, दांत बळकट करते, अशी समजूत. त्याच संस्थेंत डॉ. एस्. व्ही. भिडे व त्यांचे सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत मिश्रीवर जनावरांत प्रयोग केले, आणि तिच्यामुळें गांठी उद्भवतात असें दाखविलें. आमच्या शेजाऱ्यांच्या मातोश्रींचें दुःख ज्या पुडींत होतें, त्या पुडीचा न्याय त्यांच्याच तुच्छ उंदरांनीं केला होता. हें त्यांस सांगतांच ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “हें आमच्या घरीं कोणीं येऊन कां सांगितलें नाहीं ?”

या प्रश्नाला आमच्यापाशीं समाधानकारक उत्तर नव्हतें, आणि तें नसल्याची कबुली देणें आम्हांस अवश्य वाटतें. प्रयोगशाळेंतलें सत्य गांवापर्यंत पोंचविणें हा संशोधनाचा अर्धा भाग आहे, व त्यांत आपण सर्वच उणे पडलों आहों. तरीहि तो भाग मुळींच झाला नाहीं असें नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. खेड्यांत कोणाला, कोणत्या वयांत, कोणता कर्करोग होतो याची गांवोगांव फिरून नोंद होऊं लागली. शेजारच्या उस्मानाबाद (आतांच्या धाराशिव) जिल्ह्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीच्या निरनिराळ्या रीती पाहण्यांत आल्या. त्याचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले : त्या रोगाला कारण होणाऱ्या विषाणूची एकदां जरी तपासणी केली, तरी आठ वर्षांत या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें कमी होतात. मराठवाड्यांतील शेतकरी बायांनीं जगाला शिकविलेला हा धडा आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. तिच्यामागेंहि अशाच अभ्यासांचा आधार होता. बंदी कागदावर किती व बाजारांत किती, हें आमच्या कारखान्यांच्या फाटकांवरील टपऱ्या पाहून वाचकांनींच ठरवावें.

परळची संशोधनसंस्था व रुग्णालय हीं १९६६ सालीं टाटा स्मारक केंद्र या नांवानें एकत्र झालीं, आणि २००२ सालीं संशोधनसंस्था खारघरच्या विस्तीर्ण जागेंत गेली. तेथील विद्यार्थ्यांस पूर्वीं मुंबई विद्यापीठाची पदवी मिळे. २००५ सालीं स्थापन झालेल्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेस विद्यापीठाचा दर्जा असल्यामुळें आतां तिची मिळते. मार्ग असा : प्रवेशपरीक्षा, मुलाखत, प्रारंभीं वर्गांतील अभ्यासक्रम, मग एका मार्गदर्शकाच्या हाताखालीं एकच प्रश्न. वर्षांतून एकदां समितीपुढें उभें राहून काय केलें तें सांगावयाचें, आणि शेवटीं प्रबंध व तोंडी परीक्षा. शिष्यवृत्ति असते, परंतु कारखान्यांतील किंवा औषधकंपनींतील समवयस्कांच्या वेतनापुढें ती तुटपुंजी वाटते. पदवीनंतर कायम नोकरी लगेच मिळेल अशी हमी कोणी देत नाहीं. पुष्कळ प्रयोग फसतात, आणि एखाद्याचा सारा प्रबंध “ही वाट पुढें जात नाहीं” एवढेंच सिद्ध करून संपतो. हें आम्ही बापापासून लपविलें नाहीं, मुलीपासूनहि नाहीं. मात्र बंद वाटेवर दगड लावणारा मनुष्य मागून येणारांचे पाय वांचवितो, एवढें तिला सांगितलें.

मुलीनें एकटीनें राहावें कोठें, हाहि घरचा एक प्रश्न होता. त्याचेंहि उत्तर योगायोगानें याच इतिहासांत सांपडलें. १९७३ सालीं कमलताईंनीं आपल्या सहकारी स्त्रीशास्त्रज्ञांसह भारतीय स्त्रीशास्त्रज्ञ संघ स्थापन केला. वाशी येथें त्याचें विद्यार्थिनींसाठीं व नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं वसतिगृह आहे. खारघर तेथून दूर नाहीं. याच संघाच्या कामांतून निवृत्तीनंतर कमलताई अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करीत राहिल्या. अकोले म्हणजे आमच्या जिल्ह्याला लागून, सह्याद्रीच्या कुशींतला मुलूख. बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेंत पेशी वाढविण्यास शिकलेली ही स्त्री आयुष्याच्या उत्तरार्धांत आदिवासी मुलांच्या ताटांत काय आहे तें पाहत होती. २००१ सालीं त्या वारल्या.

आमच्या घराच्या गच्चीवरून त्रिरश्मी डोंगर दिसतो. त्यावरील लेण्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात; पांडवांचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं. तेथें नहपानाचा जांवई उषवदात याचा एक कोरीव लेख आहे. त्यानें तीन हजार काहापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं. व्याज मात्र लेण्यांतील भिक्षूंस मिळावें. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक प्रमाणें येणाऱ्या व्याजांतून वीस भिक्षूंस वर्षाकाठीं प्रत्येकीं बारा काहापणांचें वस्त्र मिळे. ते भिक्षु पावसाळाभर तेथें बसून चिंतन व अध्ययन करीत. त्यांच्या चिंतनानें त्या वर्षीं गोवर्धनांतल्या कोणा विणकराचें सूत वाढलें नसेल. तथापि ज्या समाजानें मुद्दलाला हात न लावतां व्याज अध्ययनाला दिलें, त्याची आठवण दोन हजार वर्षें दगडांत टिकली. परळची प्रयोगशाळा अशाच एका मुद्दलावर उभी राहिली. फरक इतकाच कीं, तें मुद्दल एका घरच्या मृत्यूंतून आलें होतें.

प्रत्येक कुटुंब टाटा नसतें. परंतु प्रत्येक सुशिक्षित कुटुंबापाशीं एक मुद्दल असतें, आणि तें म्हणजे त्याच्या मुलामुलींचीं तारुण्याचीं वर्षें. तीं लगेच खर्चून वेतन आणावयाचें, कीं त्यांतील पांच-सहा अशा कामाला द्यावयाचीं, ज्याचें व्याज बहुधा दुसऱ्याच कोणाच्या घरीं जाईल, हा निर्णय शेवटीं त्या त्या घराचाच आहे. तो आम्ही शेजाऱ्यांसाठीं केला नाहीं. गेल्या महिन्यांत ते पुन्हां आले तेव्हां हातांत प्रवेशाचें पत्र होतें. बसल्यावर त्यांनीं एकच गोष्ट विचारली : सुटींत मुलगी घरीं आली, म्हणजे अंबडच्या बायांस एकत्र बसवून मिश्रीविषयीं चार शब्द सांगेल काय ? आम्ही म्हटलें, तिलाच विचारा. मुलगी दाराशींच उभी होती. तिनें होकार दिला.